कांबळे सिस्टर आणि साताऱ्याचं घर

हल्ली आमच्या फार्मसीच्या खिडकीशी औषधांइतकीच फ्लॅटची चौकशी होते. हातात डॉक्टरांची चिठ्ठी धरून माणसं विचारतात, "मॅडम, तुमचा एक फ्लॅट भाड्यानं दिलाय ना? आम्हीपण घ्यावा म्हणतोय. बँकेत ठेवून काही सुटत नाही. पण भाव पडतायत म्हणे. घ्यावा का थांबावं?" मी त्यांना जे सांगते त्यात माझं काहीच नसतं. सगळं कांबळे सिस्टरांचं असतं. सिस्टर जाऊन आता दीड वर्ष होईल. त्यांचंच मी सांगते, पण त्यांच्यासारखं सांगता येत नाही. मी सल्ला देते. सिस्टर सूड घ्यायच्या.

सुशीला कांबळे, मूळ गाव कुंडल. सांगलीतल्या ज्या दवाखान्यात मी फार्मसीत होते, तिथं त्या इन्चार्ज सिस्टर होत्या. उंची बेताची, चाल ताठ. निवृत्त झाल्यावरही रबरी तळाचे पांढरे बूट आणि पदराला उलटं टाचलेलं घड्याळ काही सुटलं नाही. कामाच्या वेळी बोलणं शुद्ध, आणि राग आला किंवा माया आली की कुंडलचं. माया फार वेळा यायची नाही. लग्न केलं नव्हतं. भावाच्या दोन्ही मुली शिकवल्या, लग्नं करून दिली आणि उरलेल्या आयुष्यात घरं घेतली. एक सांगलीत, एक मिरजेत, एक साताऱ्यात. तिन्ही भाड्यानं दिलेली. स्वतः सांगलीच्या घराच्या खालच्या दोन खोल्यांत राहायच्या.

त्यांच्या पर्समध्ये एक छोटा स्क्रू ड्रायव्हर आणि एक टॉर्च कायम असायचा. ते कशासाठी हे मला मी स्वतः फ्लॅट घ्यायला निघाले तेव्हा कळलं.

नदीपासून जवळच एक नवीकोरी वाटणारी इमारत होती. बिल्डरनं जाहिरात केली होती, पहिली तीन वर्षं हमखास भाडं, आम्हीच भाडेकरू आणून देणार. सांगलीत महापुरानंतर नदीकडचे भाव एकदम खाली आले होते आणि मला वाटत होतं, हीच वेळ. मी सिस्टरांना सहज सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी येते बघायला."

सॅम्पल फ्लॅट छान सजवलेला. एजंट पोरगा गोड बोलत होता. सिस्टरांनी मोरी बघितली नाही, स्वयंपाकघर बघितलं नाही. सरळ हॉलच्या भिंतीवरच्या स्विचबोर्डापाशी गेल्या, पर्समधून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि दोन मिनिटांत बोर्ड उघडला.

"मॅडम, मॅडम, काय करताय?" एजंट धावला.

"वैशाली, इकडं ये. टॉर्च धर."

मी टॉर्च धरला. भिंतीला नवा रंग, बोर्ड नवा, पण आतला लोखंडी डबा जुना. त्याच्या तळाशी तपकिरी गाळ वाळून भेगाळला होता आणि त्या गाळात नखाएवढी एक शिंपली रुतली होती. सिस्टरांनी ती बोटानं उचलली आणि एजंटाच्या तळहातावर ठेवली.

"ही काय चालत आली व्हय वर?"

इमारत नवी नव्हतीच. पुरात बुडून निघालेली, वरून रंग दिलेली होती.

मला वाटलं, संपलं, वाचलो आपण. पण सिस्टरांसाठी ते नुकतंच सुरू झालं होतं. याच बिल्डरनं आधी आमच्या दवाखान्यातल्या शेवंता मावशींना असाच एक फ्लॅट गळ्यात मारला होता. मावशींनी नोकरीभर जमवलेलं सगळं त्यात घातलं होतं आणि भाडेकरू एकही टिकत नव्हता. पुढच्या रविवारपासून सिस्टर त्या सॅम्पल फ्लॅटवर जाऊन बसायला लागल्या. कुणी बघायला आलं की नम्रपणे म्हणायच्या, "बोर्ड उघडून दाखवायला सांगा हं त्यांना." एवढंच. भांडण नाही, आरडाओरडा नाही. महिन्याभरात बुकिंग रद्द व्हायला लागली. बिल्डर स्वतः पेढ्यांचा बॉक्स घेऊन सिस्टरांच्या घरी आला.

"ताई, आमचं काय चुकलं?"

"शेवंताचा फ्लॅट परत घ्या. मग बोलू."

त्यानं तो परत घेतला. मावशींची रक्कम परत आली. मी सिस्टरांना म्हटलं, आता सोडा. त्या म्हणाल्या, "मी बोलू म्हणलं होतं. सोडते म्हणलं न्हवतं." पुढचे तीन रविवारही त्या तिथं जाऊन बसल्या.

या प्रकारानं त्यांचं नाव झालं. नर्सा, ड्रायव्हर, जतकडचा एक निवृत्त फौजी, कॉलेजातले एक लेक्चरर, असे कोण कोण त्यांच्या व्हरांड्यात येऊन बसायचे. समोर भडंगाची बशी, मध्ये सिस्टरांची खुर्ची. लोक विचारायचे, भाव वाढेल का? सिस्टर म्हणायच्या, "मला काय इचारता, कृष्णेला इचारा." मग एकेकाला झाडायच्या. घर बघायचं तर भर पावसाळ्यात बघायचं, उन्हाळ्यात सगळीच घरं कोरडी असतात. एजंटाला काही विचारायचं नाही, इमारतीत धुणीभांडी करणाऱ्या बाईला विचारायचं की किती दारांना कायम कुलूप असतं. दुपारी नळ सोडून बघायचा. ज्या कॉलेजच्या जिवावर घर घेताय ते कॉलेज उद्या बंद पडलं तर तिथं कोण राहणार, याचं उत्तर तयार ठेवायचं. "आणि सहा महिने घर रिकामं राहिलं तरी हप्ता भरता येतोय का तेवढं बघा. येत नसंल तर उठा, भडंग खा आणि घरी जावा."

भाडेकरूंच्या बाबतीत त्यांचे नियम कडक होते, पण ते स्वतःसाठी. भाडेकरूच्या दारावर त्याचं पूर्ण नाव आडनावासकट पितळी पाटीवर लावायचं आणि ती पाटी मालकानं करून द्यायची. दुरुस्ती सांगितली की आठवड्यात. कराराची मुदत संपायच्या महिनाभर आधी नवा करार तयार, म्हणजे माणसाच्या पोटात गोळा यायला नको. आणि भाडेकरूच्या घरात कधीही शिरायचं नाही. फाटकातून हाक मारायची, त्यानं आत बोलावलं तरी शक्यतो उंबऱ्याबाहेरच उभं राहायचं. "दिलं म्हणजे दिलं. मग आपलं काय काम आत?"

मी शेवटी विश्रामबागेत, नदीपासून लांब, दुसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट घेतला. सिस्टरांनी तो तीनदा बघितला, त्यातलं एकदा धो धो पावसात. पहिला भाडेकरूही त्यांनीच पाठवला. सचिन, आमच्याच दवाखान्यात नव्यानं लागलेला एक्स-रे टेक्निशियन, जत तालुक्यातला. शांत मुलगा, लग्न ठरलेलं. तो आला तेव्हा सिस्टर माझ्या घरी चहाला बसल्या होत्या. मी नोकरी विचारली, गाव विचारलं आणि मग अगदी सहज, माझी आई विचारायची त्याच सुरात विचारलं, "आणि आडनाव काय?"

त्यानं सांगितलं. मी म्हणाले, "बरं. घरी विचारून कळवते."

घरी विचारायला कोणी नव्हतं. नवरा दुबईला, मुलगी हॉस्टेलवर. निर्णय माझा एकटीचा होता आणि सिस्टरांना ते माहीत होतं.

सचिन गेला. सिस्टरांनी कप खाली ठेवला, पदर नीट केला आणि उठल्या. दारात बूट घालताना माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मी तुझ्यासाठी भिंती तपासल्या, वैशाली. तुला तपासायचं ऱ्हायलं."

त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांनी आपल्या मिरजेच्या घराचा वरचा मजला सचिनला दिला. आणि माझा फ्लॅट रिकामा राहिला. एक महिना, दोन, तीन. दवाखान्यातल्या नर्सा बघायला यायच्या, आवडला म्हणायच्या आणि परत यायच्या नाहीत. चौथ्या महिन्यात एकीनं हळूच सांगितलं, "सिस्टरांनी सांगितलंय, तिकडं जाऊ नका." मला रडू आलं, रागही आला. हप्ते मी कसेबसे भरत होते, तेही त्यांनीच सहा महिन्यांची तयारी ठेवायला शिकवलं होतं म्हणून. त्यांच्याच सल्ल्यावर मी त्यांच्या शिक्षेत तग धरून होते.

सहाव्या महिन्यात मी त्यांच्या दारात गेले. "सिस्टर, चुकलं माझं."

"मला कशाला सांगतीस? मला घर नाकारलंस व्हय?"

मी मिरजेला गेले. सचिननं दार उघडलं. शेजारी पितळी पाटी, त्याचं आणि बायकोचं पूर्ण नाव. मी काय बोलायचं ते ठरवून गेले होते, त्यातलं निम्मंच बोलता आलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही तरी आलात. पण आता मला हितंच बरं हाय." त्यानं चहा विचारला नाही. मीही अपेक्षा केली नव्हती. परत आले तर संध्याकाळी सिस्टरांचा फोन. "उद्या सकाळी साताऱ्याला चाललीय. येतीस का?" जणू मधले सहा महिने झालेच नव्हते. पुढच्याच आठवड्यात माझ्या फ्लॅटला भाडेकरू मिळाला.

दर महिन्याच्या एक तारखेला सिस्टर एसटीनं साताऱ्याला जातात हे सगळ्यांना माहीत होतं. घराकडं बघायला जातात, असं आम्ही समजायचो. त्या दिवशी गाडीत त्यांनी ते सगळं सांगितलं. खिडकीबाहेर बघत, एखाद्या पेशंटची केस सांगावी तसं.

नोकरी लागली तेव्हा त्यांचं वय बावीस, नेमणूक साताऱ्यात. खोली मिळेना. जिथं जातील तिथं आधी आडनाव आणि मग नाही. शेवटी एका पेठेतल्या शिक्षकांच्या घरात मागची खोली मिळाली. तिथं कसं कोण जाणे, आडनाव विचारलंच नाही. सिस्टर तिथं एकोणीस दिवस राहिल्या. पगार झाल्यावर गावाहून वडिलांनी दिलेली बुद्धाची तसबीर त्यांनी भिंतीवर लावली. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून आल्या तर ट्रंक रस्त्यावर, वर वळकटी. मालकीणबाई दारात. "ह्यांनी सांगितलंय, खोली रिकामी करा. आमचे पाहुणे येणार आहेत." आणि आत मोलकरीण फरशीवर बादलीनं पाणी ओतत होती. पाणी वाहत पायरीवरून ट्रंकेपर्यंत आलं. तसबीर त्यांनी ट्रंकेवरून उचलून छातीशी धरली होती म्हणून ती भिजली नाही.

"शिवी दिली असती तर मी विसरले असते," त्या म्हणाल्या. "पण आवाज लय गोड होता गं."

पस्तीसेक वर्षांनी तेच घर विकायला निघालं. त्या शिक्षकांचा मुलगा, विनय, पुण्यात. त्याला तिथं मोठा फ्लॅट घ्यायचा होता. पण म्हाताऱ्या आईवडिलांना सातारा सोडायचं नव्हतं, म्हणून अट अशी, की घर विकत घ्या आणि त्यांनाच भाड्यानं राहू द्या. असल्या अटीवर घर कोण घेणार? गुंतवणूकवाल्यांना रिकामं घर पाहिजे असतं. वर्षभर गिऱ्हाईक आलं नाही. साताऱ्यातल्या एका जुन्या मैत्रिणीनं सिस्टरांना कळवलं आणि सिस्टरांनी सगळी पुंजी घालून, वर कर्ज काढून ते घेतलं. एजंट म्हणाला, मॅडम, म्हातारी माणसं आहेत, पुढं निघायची नाहीत. सिस्टर म्हणाल्या, "मला तेच भाडेकरू पायजेत."

त्या कुटुंबाचं आडनाव मी इथं लिहीत नाही. सिस्टर असत्या तर म्हणाल्या असत्या, लिही.

आम्ही पोचलो. दारात आप्पा उभे. निवृत्त शिक्षक, पांढरं धोतर, काठी. "या, या," ते म्हणाले आणि मला सांगायला लागले, "या बाई भेटल्या म्हणून आम्ही आमच्या घरात आहोत. देवमाणूस." सिस्टर फाटकात थांबल्या नाहीत, उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या नाहीत. सरळ हॉलमध्ये जाऊन मागच्या खोलीच्या दारासमोरच्या खुर्चीत बसल्या. "चहा ठेवा," त्या म्हणाल्या. विनंती नव्हती ती.

आतून त्यांची बायको, माई, चहा घेऊन आल्या. गोऱ्या, वाकलेल्या. सिस्टरांनी कप घेतला आणि घोट घोट, अर्धा तास लावून तो चहा प्यायल्या. आप्पा समोर उभेच. नळ गळतोय, ते म्हणाले. सिस्टरांनी तिथूनच प्लंबरला फोन केला. आजच्या आज करून द्या. कौल सरकलंय. ते उद्या. तक्रारीला जागा नाही असं सगळं. फक्त निघताना आप्पांनी विचारलं, "बाई, करार या महिन्यात संपतोय. नवीन कधी करायचा?"

"बघू," सिस्टर म्हणाल्या.

बाकी सगळ्या भाडेकरूंना महिनाभर आधी. आप्पांना शेवटच्या दिवशी. दर अकरा महिन्यांनी मुदतीच्या शेवटच्या दुपारी सिस्टर साताऱ्यात उतरायच्या आणि सही करायच्या. तोवर काही सांगायच्या नाहीत. तो शेवटचा महिना आप्पांना झोप लागायची नाही, असं माईंच्या शेजारणीनं मला सांगितलं.

परतीच्या गाडीत मी म्हटलं, "सिस्टर, ऐंशीच्या घरातला माणूस आहे तो."

"मी बावीसची होते."

"त्यांना माहीत तरी आहे का, तुम्ही कोण ते?"

"वाट बघतीय मी. त्यांनी वळखावं. एकदा तोंडानं म्हणावं, तू ती. बाहेर काढलं असतं तर एका दिवसात संपलं असतं, वैशाली. मला संपवायचं न्हाई."

पुढं बोलायचा मला अधिकार नव्हता.

चौथ्या वेळी करार संपायला सतरा-अठरा दिवस असताना आप्पा गेले. सकाळी फुलं तोडताना अंगणातच कोसळले. विनयनं फोन केला, दिवस झाल्यावर आईला पुण्याला नेतो, घराचा ताबा घ्या. सिस्टर मला घेऊन गेल्या. मला वाटलं, संपलं एकदाचं, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

फाटकाशी टेम्पो उभा होता. कपाट, पलंग चढवून झाला होता. विनय, त्याची कॉलेजात जाणारी मुलगी आणि माई. हॉलमध्ये दोनच खुर्च्या उरल्या होत्या. माई एका खुर्चीत बसून होत्या. सिस्टरांना बघून त्या म्हणाल्या, "बसा. तुम्ही आल्याशिवाय मी निघणार नव्हते."

सिस्टर बसल्या.

"तुम्ही ती नर्स," माई म्हणाल्या. "मागच्या खोलीतली."

मी सिस्टरांकडं बघितलं. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते वाक्य समोर आलं होतं. सिस्टरांचा चेहरा दगडासारखा झाला.

"कवा वळखलंत?"

"ह्यांनी ओळखलं. पहिल्या कराराच्या दिवशीच, नाव वाचून. घरी येऊन मला सांगितलं. मला माफ करा हो, बाई."

"माफी नको मला," सिस्टर म्हणाल्या. "काय केलंत ते सांगा. ह्या तुमच्या लेकासमोर आणि नातीसमोर सांगा. पहिल्यापासनं."

"अहो, आजच्या दिवशी..." विनय मध्ये बोलायला गेला. माईंनी हात वर केला.

त्यांनी सांगितलं. तसबीर बघितली, मग शेजारी चौकशी केली, मग ट्रंक बाहेर काढली, फरशी धुवायला लावली. आवाज बारीक, पण काही गाळलं नाही. नात आजीकडं अनोळखी बाईकडं बघावं तशी बघत होती. सिस्टर एकेक शब्द ऐकत होत्या.

"आणि सरांनी काय सांगितलं होतं तुमाला?" सिस्टरांनी विचारलं. "नेमकं काय म्हणाले सर?"

"हे काही म्हणाले नव्हते. हे शाळेत होते. ह्यांचं नाव मी घेतलं, मला एकटीला बोलायची भीती वाटली म्हणून. संध्याकाळी आले, तुमची खोली बघितली आणि तशाच पायी स्टँडवर गेले तुम्हाला शोधायला. दोनदा गेले. तुम्ही सापडला नाहीत. मग वर्षभर माझ्या हातचं पाणी घेतलं नाही त्यांनी. आडनाव त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला सांगितलं नव्हतं, एवढंच."

बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला.

"मग मला का न्हाई सांगितलं?" सिस्टरांचा आवाज फाटला. तसा मी तो कधी ऐकला नव्हता. "चार वर्षं माझ्यासमोर हुबं राहिले. मी बसा म्हणले न्हाई कधी. एका शब्दानं का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर माझं नाव सांगावं लागलं असतं."

सिस्टर उठल्या. मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या, आत बघितलं, परत आल्या. तोंडातल्या तोंडात म्हणाल्या, "चुकीच्या माणसाला धरलं मी." मग विनयकडं वळल्या.

"सामान उतरवा."

"म्हणजे?"

"कपाट, पलंग, सगळं आत घ्या. ह्यांच्या नावावर करार करायचा. अकरा महिन्यांचा."

माई पहिल्यांदा रडल्या. "मला जाऊ द्या आता, बाई. फार झालं."

"न्हाई," सिस्टर म्हणाल्या. "ते संपले, ते माझ्यामुळं. त्यांना काय म्हणायचं होतं ते मी ऐकलं न्हाई. पण तुमी आता कुठं जाताय? तुमचा हिशोब तर आज कुठं निघालाय."

विनय चिडला, आईला ओढून न्यायला तयार झाला. पण माईच पुण्याला जायला नाही म्हणाल्या. का, ते मला आजही नीट कळलेलं नाही. तिथल्या दहाव्या मजल्यावर कधी जवळ न आलेल्या सुनेबरोबर राहण्यापेक्षा इथं, सगळं माहीत असलेल्या बाईसमोर राहणं त्यांना सोपं वाटलं असेल. किंवा शिक्षा हवी असेल. सही त्याच दुपारी झाली. फक्त ती पहिल्यांदाच मुदत संपायच्या आधी झाली, चार दिवस आधी.

त्यानंतर सिस्टर महिन्याला नाही, आठवड्याला जायला लागल्या. सांगलीच्या व्हरांड्यात लोक ताटकळायचे. मी विचारलं, तिथं करता काय एवढं? "भांडते," त्या म्हणाल्या. आप्पांबद्दल मात्र एक अक्षर बोलायच्या नाहीत. फक्त एकदा, कुणीतरी व्हरांड्यात विचारलं, भाडेकरूची पारख कशी करायची, तेव्हा नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हणाल्या, "ते मला येत न्हाई."

मी त्यांना शेवटचं बघितलं ते साताऱ्यातच. भाचीच्या साखरपुड्याला गेले होते, दुपारी वेळ होता म्हणून त्या घराकडं वळले. माई पडल्याचं कानावर आलं होतं, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. फाटक उघडं होतं. अंगणात माई वॉकर धरून उभ्या होत्या. सिस्टर त्यांच्या शेजारी, पांढरे बूट घालून, एका हातानं त्यांचा दंड पकडून. पकड घट्ट होती. सोडवून घेता आली नसती अशी. दोघींनी मला बघितलं नाही.

"उचला पाय. घासत न्यायचा न्हाई, उचला."

"दुखतंय हो, बाई. उद्या करू."

"उद्या न्हाई, आत्ता. दहा पावलं सांगितल्यात डॉक्टरांनी, सातच झाली."

"कशाला पण? जगून तरी काय करायचंय मला?"

सिस्टरांनी वॉकर हलकेच पुढं सरकवला आणि दंडावरचा हात तसाच ठेवला.

"मरायचं न्हाई एवढ्यात. माझं बोलून झालेलं न्हाई. आठ. उचला."

माईंनी पाय उचलला.